ओमच्या बाबांचं प्राग

प्राग मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मेहकरच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर. हिवाळा होता. इकडे कुकर शिट्टी देत होता आणि तिकडे माझे यजमान सतीश एका दगडी पुलावर उभे राहून फोन हळूहळू फिरवत होते. रुंद नदी, पुलाच्या कठड्यावरचे काळवंडलेले पुतळे, पलीकडच्या टेकडीवर किल्ला आणि त्यातून वर निघालेले चर्चचे टोकदार मनोरे. "दिसून राह्यलं का?" ते सारखे विचारत होते. दिसत होतं. पण माझं लक्ष काही दाखवायला मधूनच पुढे येणाऱ्या त्यांच्या बोटाकडे होतं. थंडीनं ते लाल झालं होतं आणि नखापाशी कारखान्यातलं ग्रीस तसंच होतं.

सतीश यंत्रदुरुस्तीचं काम करतात. पुण्याजवळचा त्यांचा कारखाना बंद पडल्यावर ते चेक देशातल्या एका छोट्या गावी नोकरीला गेले. प्रागपासून ते गाव रेल्वेनं तीन तासांवर आहे. ते गेले तेव्हा आमची श्रावणी दुसरीत होती आणि ओम नुकताच पालथा पडायला शिकला होता. कंपनीनं दिलेल्या खोलीत चार माणसं राहतात, तिथे बायकामुलांना नेता येत नाही. यंदा त्यांना आठवड्याची सुटी मिळत होती, पण तिथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण चालू होतं. नवा परवाना हाती येण्याआधी देशाबाहेर पडलं तर परत घेतील याची खात्री नव्हती. म्हणून ठरलं की उन्हाळ्याच्या सुटीत आपणच जायचं आणि सगळ्यांनी प्रागमध्ये भेटायचं.

लोक युरोप पाहायला जातात. आम्ही ओमला त्याचे वडील दाखवायला निघालो होतो.

हे जरा समजावून सांगायला हवं. ओमला बाबा माहीत होते, रोजच भेटत. संध्याकाळी तो जेवायला बसला की माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो, फोन पिठाच्या डब्याला टेकवून लावायच्या. तिकडे तेव्हा सतीशची पाळी सुटलेली असायची. "पह्यला घास बाबाले दे," आई शिकवायच्या आणि ओम वरणभाताचा घास काचेवर नेऊन टेकवायचा. सतीश तिकडून आ करायचे, चावल्यासारखं करायचे. घास काचेवरून घसरून खाली यायचा. आई पदरानं फोन पुसायच्या आणि तोच घास ओमला भरवायच्या. घरी पाहुणे आले की आम्ही कौतुकानं हे दाखवायचो. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. ओमच्या लेखी बाबा म्हणजे तळहाताएवढे, पिठाच्या डब्यापाशी राहणारे, घास घेऊन न खाणारे आणि झोपायच्या आधी चार्जिंगला लावायचे.

सहलीचा बेत सतीशनी आखला. महिन्यातून एखाद्या रविवारी ते गाडीनं प्रागला जायचे आणि आम्ही सोबत असल्यासारखे हिंडायचे. ट्रामच्या कोणत्या थांब्यावर पायरी उंच आहे, कोणत्या गल्लीतल्या दगडांत बाबागाडीचं चाक अडकतं, नदीकाठी वाळूचं मैदान कुठे आहे, लेकराला अचानक शू लागली तर जवळ काय आहे, हे सगळं ते पायी फिरून पाहायचे आणि मला फोनवर दाखवायचे. "किल्ल्यावर पायऱ्यांनी नाही जायचं. वर ट्रामनं जाऊ, उतरताना पायी येऊ. श्रावणी चालन, ओम नाही चालणार." स्वतःसाठी म्हणून त्यांच्या बेतात एकच गोष्ट होती. सगळ्यांत आधी ओमला खांद्यावर बसवून त्या दगडी पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं.

एका रविवारी पुलावर पाऊस पडत होता. छत्री सावरत त्यांनी विचारलं, "तो येईन ना माह्याजवळ?"

"काऊन नाही येणार?" मी म्हणाले.

आई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. फोन बंद झाल्यावर मात्र हात थांबवून म्हणाल्या, "नाही गेलं लेकरू त्याच्याजवळ, तं काय करन व माय तो?" त्यानंतर ही काळजी आमच्या घरात रोजची झाली.

मी डोणगावच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. विज्ञानाची पदवी घेतली, मेहकरच्या शाळेत शिकवायला लागले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पासपोर्ट, व्हिसासाठी मुंबईच्या फेऱ्या, विमानाची तिकिटं, हे सगळं मी कुणाला न विचारता केलं तेव्हा मला माझ्या वडिलांची आठवण आली. रोज सकाळी एस.टी. येईपर्यंत ते माझ्यासोबत थांब्यावर उभे राहायचे. वाहकाला सांगायचे, "पोरगी कॉलेजात जाऊन राह्यली, जागा द्या तिले." त्या जागेवरूनच मी प्रागपर्यंत गेले असं मला मनापासून वाटतं.

आईंनाही चला म्हणून आग्रह केला. "मी कायले? माहे गुडघे तुम्हाले आडवे येतीन," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं हळूच, "माह्याकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवजो."

निघायचा दिवस नेमका अमावास्येचा आला. तिकीट बदलणं शक्य नव्हतं. आईंनी तोडगा काढला, प्रस्थान ठेवायचं. (चांगल्या दिवशी सामानातली एखादी पिशवी आधीच घराबाहेर, शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात.) त्यांनी मुलांचे स्वेटर एका पिशवीत भरले, त्यात सुपारी आणि तांदूळ ठेवले आणि दोन दिवस आधी पिशवी शेजारच्या काकूंकडे नेऊन दिली. अमावास्येला पहाटे गाडी दारात उभी, सामान चढलेलं, आणि काकूंच्या दाराला कुलूप.

"तिले सांगतलं होतं मी, घरी राह्यजो म्हणून," आई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या.

ड्रायव्हर घड्याळ पाहत होता. श्रावणी म्हणाली, "आजी, स्वेटर कालच निघून गेले असतीन पुढं." आई हसल्या नाहीत. तेवढ्यात काकू बालाजीच्या देवळाकडून लगबगीनं येताना दिसल्या. "अमावास्येले निघून राह्यले लेकरं, देवापुढं दिवा लावायले गेली होती मी," असं म्हणून त्यांनी कुलूप उघडलं आणि पिशवीसोबत मुलांच्या हातावर प्रसाद ठेवला. आईंनी स्वतःच पिशवी गाडीत नेऊन ठेवली.

मुंबईपर्यंत उन्हाच्या झळा. तिथून विमान, मधे आखातातल्या एका विमानतळावर बसून काढलेले तास, मग दुसरं विमान. श्रावणी ढग पाहत होती. ओमनं समोरच्या सीटच्या पाठीवरचा छोटा पडदा पाहिला आणि त्यावर बोट ठेवलं. "बाबा लाव." मी म्हटलं, आपण बाबांकडेच चाललोय. त्याला ते पटलं नाही. जेवण आल्यावर त्यानं त्या पडद्याला भाताचा घास लावला. हवाईसुंदरीनं ओला रुमाल आणून दिला.

प्रागच्या विमानतळाच्या दारातून बाहेर आलो तर सतीश कठड्याला अगदी चिकटून उभे होते. केस नुकतेच कापलेले, शर्टाला इस्त्री. श्रावणी सामान सोडून पळत सुटली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून बराच वेळ तशीच राहिली. मग मान वर करून म्हणाली, "बाबा, तुमचं पोट तं फोनमंधी दिसतच नव्हतं." सतीश खळखळून हसले. हसतच खाली गुडघ्यावर बसले आणि ओमपुढे हात केले.

ओमनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका," तो म्हणाला आणि माझ्या साडीत तोंड लपवलं.

आमच्याकडे लेकरं अनोळखी पुरुषाला काका म्हणतात. सतीशचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. "हाव, काका आले," असं म्हणून ते उठले आणि सामानाची गाडी ढकलू लागले. आईंनी सांगितलेला हात मला त्यांच्या डोक्यावरून फिरवता आला नाही. चारचौघांत तो उचललाच गेला नाही.

आमची खोली जुन्या शहराजवळच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होती. मालकीणबाई उतारवयाच्या, गोऱ्या, चष्मा साखळीला लटकवलेल्या. "दोब्री देन" (नमस्कार, शुभ दिवस) म्हणून त्यांनी चुलीची बटणं दाखवली. तिकडे बाईंना आदरानं 'पानी' म्हणतात, हे कळल्यावर श्रावणीला दिवसभर पुरेल एवढं हसू मिळालं. मे महिना, मेहकरला रस्त्यावर पाय ठेववत नव्हता, आणि इथे खिडकी उघडली तर गार वारा. अंगणातल्या झाडाला जांभळ्या फुलांचे घोस आले होते, त्याचा मंद वास वरपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी पूल पाहिला. फोनवर पाहिलेला पूल हाच, पण त्याला आवाज असेल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दगडांवरून जाणारे पाय, खालून पाणी, कुणी तरी वाजवत असलेलं अ‍ॅकॉर्डियन. दगड इतके गुळगुळीत झालेले की पाय ठेवताना जपावं लागतं. व्लटावा नदी संथ वाहते, तिच्यावर हंस होते. श्रावणीनं एका हातानं बाबांचं बोट धरलं होतं, ते तिनं जेवतानासुद्धा सोडलं नाही. ओम माझ्या कडेवर होता. पुलाच्या या टोकाला सतीश थांबले, खांदे थोडे खाली केले आणि म्हणाले, "चल रे, घोडा घोडा." ओमनं पाय इतके आवळले की माझी कंबर दुखली. सतीशनी रिकामी बाबागाडी उचलली आणि तीच खांद्यावर घेऊन पूल ओलांडला.

दुपारी किल्ल्यावर गेलो. ठरल्याप्रमाणे वर ट्रामनं. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये रंगीत काचांतून ऊन येऊन दगडी खांबांवर लाल-निळे डाग पडतात. शेकडो वर्षं लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून ते चर्च बांधून पुरं केलं असं सतीश सांगत होते. ओमला तिथे झोप लागली, तेव्हा मी त्याला त्यांच्याकडे दिलं. सतीश एका बाकावर बसून राहिले, हलले नाहीत. त्यांचा हात अवघडला होता हे दिसत होतं. "झोपला की माहाच राह्यते," ते हळू आवाजात म्हणाले. जागा झाल्यावर ओमनं त्यांच्या छातीवर हात लावून त्यांना दूर लोटलं.

खाली एका खानावळीत क्नेद्लीकी (पिठाचा उकडलेला गोळा, कापून रश्शासोबत देतात) खाल्ले. आपल्या वरणफळांची आठवण झाली, फक्त फोडणी नाही. आम्ही नेलेली जवसाची चटणी श्रावणीनं बशीच्या कडेला हळूच काढली, तेव्हा वाढपी वाकून पाहत होता. सतीशनी त्याला चवीला दिली. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा मागितली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकातलं जुनं घड्याळ पाहायला गेलो. तास झाला की वरच्या दोन खिडक्या उघडतात, संतांच्या मूर्ती एकेक करून फिरतात आणि बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो. गर्दी खूप होती. ओमला काही दिसेना, म्हणून सतीशनी न राहवून त्याला उचलून वर धरलं. ओम किंचाळला. "मम्मी, मम्मी," असं ओरडत तो पाय झाडू लागला. आजूबाजूची माणसं वर घड्याळाकडे पाहायची सोडून आमच्याकडे पाहू लागली. एक उंच बाई पुढे आली, तिनं सतीशच्या दंडावर हात ठेवला आणि तिथल्या भाषेत काही विचारलं. तिचा आवाज कडक होता.

"तो ये मूय सिन," सतीश म्हणाले. (हा माझा मुलगा आहे.)

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं हात काढला, काही तरी मवाळ बोलली आणि गर्दीत मिसळली. तोवर घंटा थांबली होती. मी ओमला घेतलं. चौकातून बाहेर पडताना सतीश म्हणाले, "हे वाक्य मी महिनाभर पाठ करून राह्यलो होतो. म्हटलं, कोणी विचारलं तं सांगू."

खोलीवर येईपर्यंत पाऊस लागला. मी वरणभात टाकला. ओमला भूक लागली होती, पण तो ताटापुढे हट्ट धरून बसला. "बाबा लाव." श्रावणी म्हणाली, "अरे, हे काय बाबा." त्यानं वळूनही पाहिलं नाही.

सतीशनी त्यांचा फोन उचलला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. माझा फोन वाजला. मी तो साखरेच्या बरणीला टेकवला. पडद्यावर सतीश आले, मागे झोपायच्या खोलीची भिंत. "ओमदादा, काय जेवून राह्यला बे?" ओमचा चेहरा एकदम उजळला. "वरन," तो म्हणाला आणि फोनला मेहकरच्या सगळ्या गोष्टी सांगू लागला, आजी, काकूंचं मांजर, विमान. सतीशचा आवाज फोनमधून येत होता आणि दाराच्या फटीतूनही येत होता. दोन वर्षं ज्यांच्यासाठी आम्ही झुरलो ते एका दाराआड बसून मुलाशी फोनवर बोलत होते. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

ओमनं सवयीप्रमाणे पहिला घास काचेला लावला. घास घसरला. तेवढ्यात दार हळूच उघडलं. सतीश फोन तोंडासमोर धरूनच बाहेर आले, बोलणं तोडलं नाही, आणि साखरेच्या बरणीच्या मागे, ओमच्या समोर खाली बसले. "दे ना मले घास," ते म्हणाले. ओमनं दुसरा घास घेतला, हात पुढे केला आणि थबकला. आवाज फोनच्या मागूनही येत होता. त्यानं बरणीच्या बाजूनं डोकावून पाहिलं. सतीशनी त्यांच्या हातातला फोन खाली ठेवला आणि आ केला, रोज करायचे तसाच.

ओमनं बराच विचार केला. मग हात लांब करून घास त्यांच्या तोंडात ठेवला.

घास खाली पडला नाही. ओमनं आधी ताटात पाहिलं, मग जमिनीवर, मग आपल्या रिकाम्या बोटांकडे. सतीश चावत होते. त्यांच्या गळ्याचं हाड वरखाली झालं.

"खाल्ला," ओम मला म्हणाला. "बाबानं खाल्ला."

त्यानं आणखी एक दिला. तोही गेला. मग तो ताट ओढून त्यांच्यापाशी सरकला आणि घासामागून घास देतच राहिला, स्वतः खायचं विसरून. सतीशच्या मिशीला वरण लागलं, शर्टावर भात सांडला. श्रावणी म्हणाली, "बाबा, आता तं पोट अजून दिसन." सतीशना हसताही येत नव्हतं, तोंड भरलेलं होतं आणि डोळेही. ताट संपल्यावर ओमनं आपल्या सदऱ्याच्या टोकानं त्यांचं तोंड पुसलं, आजी फोन पुसते तसं. मी त्यांच्या मागून जात होते, तेव्हा आईंच्या वतीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांनी वर पाहिलं नाही.

उरलेले दिवस कसे गेले सांगता येणार नाही. वाळूच्या मैदानात बापलेक चिखलात माखले. ट्राममध्ये एका आजोबांनी ओमला जागा दिली तर त्यानं ती नाकारून बाबांच्या मांडीकडे बोट दाखवलं. पुलावर आम्ही पुन्हा गेलो. सतीश वाकले, ओमनं दोन्ही हात वर केले आणि तो खांद्यावर चढला. त्यानं बाबांचे केस लगामासारखे धरले होते. पलीकडच्या टोकाला पोहोचल्यावर त्याला उतरायचं नव्हतं, म्हणून ते परत या टोकाला आले. श्रावणी आणि मी कठड्याला टेकून त्यांना जाता-येता पाहत होतो. पुतळ्यांची नावं सतीशनी मला आधीच फोनवर सांगितली होती. त्यातलं एकही आता आठवत नाही.

विमानतळावर ओम निर्धास्त होता. बाबाही विमानात येणार असं त्यानं धरलं होतं. तपासणीच्या रांगेत वळून पाहिलं तर सतीश दोरीच्या पलीकडे हात हलवत उभे. ओमनंही हात हलवला आणि ओरडून म्हणाला, "बाबा, लवकर या." विमानात त्यानं बाजूच्या माणसाला सांगितलं की ही जागा बाबाची आहे.

मेहकरला परतलो तेव्हा ऊन तसंच तापत होतं. शाळा उघडल्यावर मुलं विचारतील, मॅडम, युरोप कसं आहे. मी त्यांना घड्याळाबद्दल सांगेन, रंगीत काचांबद्दल सांगेन. आमच्या गल्लीतल्या बायका विचारून गेल्या, काय आणलं. काय आणलं ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं.

आईंनी नेहमीप्रमाणे फोन पिठाच्या डब्याला टेकवला. सतीश आले. ओम पळत आला, फोनपुढे उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. "ये, ये," सतीश तिकडून म्हणाले. ओम हात वर करून वाट पाहत राहिला. मग डब्याच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे भिंत होती. तो पुन्हा पुढे आला, पुन्हा हात वर केले, आणि एकाएकी रडू लागला. असा रडला की श्रावणी घाबरली.

आईंनी फोनकडे हात नेला. "बंद करतो रे बाप्पा, लेकरू हैराण होऊन राह्यलं."

"राहू दे आई, लावूनच ठेव," सतीश म्हणाले. "आजवर माह्यासाठी कधी रडला नव्हता तो."